पायलट मुलीची पगारस्लिप

"तुह्या भाचीले पगार किती भेटते गं? खरं खरं सांग मले."

काटोलहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने चपला काढता काढताच हा प्रश्न विचारला. पाणी नाही, चहा नाही, थेट पगार! मी म्हटलं, "अगं, आधी बस तर खरं." ती बसली, पण पर्स मांडीवरच धरून. पर्समधून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा काढला आणि टीपॉयवर ठेवला. तीन एकर संत्र्याची बाग. सासऱ्यांनी लावलेली, नवऱ्याने वाढवलेली. लेकीने बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं होतं, मार्कही चांगले पडले होते आणि आता तिला पायलट व्हायचं होतं.

"पोट्टीनं हट्टच धरला बाप्पा. हे म्हणतात, बाग विकून टाकू. पायलटले पाच-सहा लाख महिना भेटते म्हणतात. दोन वर्षांत पैसे वसूल! खरं हाय का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला गेल्या तीन वर्षांत किती जणींनी विचारला असेल, मोजदाद नाही. माझी भाची फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॅप्टनच्या उजव्या हाताला बसणारी को-पायलट. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. तिचा गणवेशातला फोटो आमच्या सगळ्या नातेवाईकांच्या फोनमध्ये आहे. तिची पगारस्लिप मात्र फक्त तिच्या आईवडिलांनी आणि मी पाहिली आहे. योगायोगाने त्याच दिवशी ती दोन दिवसांच्या सुट्टीवर माझ्याकडे होती. आत झोपली होती. पहाटे तीनला उठून चार उड्डाणं केलेल्या पोरीला दुपारी चारला उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण आमच्या गप्पांनी तीच उठून आली. सातबारा बघितला आणि म्हणाली, "मावशी, वही आण. काकूंना सगळं लिहूनच दाखवते."

आधी खर्च, मग पगार

भाचीने पहिल्या पानावर पगार लिहिलाच नाही. आधी खर्च लिहिला.

व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळवायला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. त्याशिवाय डीजीसीएचे लेखी पेपर. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, तांत्रिक विषय. प्रत्येक पेपरात ७० टक्के मिळाले तरच पास. रेडिओवर बोलण्याचं लायसन्स वेगळं. शिकायला आपल्या विदर्भातच गोंदियाजवळ बिरसीला संस्था आहे, नागपुरात सोनेगावचा नागपूर फ्लाइंग क्लब तर खूप जुना, आणि केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला. कुठेही गेलं तरी राहण्या-खाण्यासकट खर्च ५० लाखांच्या पुढेच जातो.

"आणि काकू, हे लायसन्स म्हणजे लहान विमानाचं," भाची म्हणाली. "प्रवाशांचं मोठं विमान चालवायला त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस असो की बोइंग, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. बऱ्याचदा तेही आपल्याच खिशातून."

एअरलाइनच्या कॅडेट प्रोग्रॅममधून गेलं तर सगळं एका छताखाली होतं, पण आकडा कोटीच्या आसपास जातो. मैत्रीण पदराने वारा घेऊ लागली. नोव्हेंबर महिना होता, पंखा सुरू होता, तरी!

बसून काढलेले दिवस

यापुढचं पान माझ्या ताईच्या घरचं आहे. ते मी सांगितलं, कारण भाचीला ते सांगताना अजूनही जड जातं.

ताई-भाऊजी वर्ध्याला असतात. भाऊजी नोकरीत होते, ताई शिकवण्या घ्यायची. लेकीसाठी ६० लाखांचं कर्ज काढलं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. त्यामुळे वर्ध्याचं घर गहाण गेलं. वरचे पैसे साठवलेल्यातून आणि ताईच्या दागिन्यांतून उभे केले. फेब्रुवारी २०२० मध्ये भाचीच्या हातात लायसन्स आलं. आम्ही पेढे वाटले. महिन्याभरात लॉकडाऊन लागलं आणि देशातली सगळी विमानं जमिनीवर आली. ज्यांच्या नोकऱ्या होत्या त्यांचे पगार कापले गेले. नव्यांना कोण विचारतो?

६० लाखांवर ११ टक्के दराने महिन्याचं नुसतं व्याज किती होतं, माहीत आहे? ५५,००० रुपये. मुद्दल जागेवरच. भाऊजी त्याच वर्षी निवृत्त झाले, त्यांचा फंड या व्याजात गेला. वैमानिकाचं लायसन्स असलेली माझी भाची वर्ध्याला नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवत होती. शेजारच्या बायका ताईला विचारायच्या, "विमान कधी उडवणार हो तुमची मुलगी?" ताईने त्या दिवसांत भिशीत जाणं सोडलं, लग्नांना जाणं सोडलं.

२०२२ च्या शेवटी भाचीला नोकरी लागली. त्या दिवशी ताईने पेढे वाटले नाहीत. देवापुढे दिवा लावला आणि बँकेचं पासबुक त्याच्याजवळ ठेवलं.

कुणी म्हणेल, कोरोना काय रोज येतो? खरं आहे. पण या धंद्याला कोरोनाच लागतो असंही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, त्याआधी कित्येक महिने पगार थकले होते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. एक कंपनी बसली की तिचे शिकलेसवरलेले, हजारो तास उडालेले वैमानिक बाजारात येतात आणि २०० तासवाली नवी मुलं रांगेत आणखी मागे ढकलली जातात. त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डर दिल्या, सगळीकडे पायलट हवेत, पायलट हवेत अशा बातम्या आल्या. त्या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक लायसन्स दिली. विमानं मात्र ऑर्डर दिल्याबरोबर दारात येऊन उभी राहत नाहीत. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी येतात.

हातात किती?

"आता पगार," भाची म्हणाली. "माझी स्लिप नको, मला तीन वर्षं झाली. आज जी मुलगी नव्याने लागेल तिची स्लिप बनवू."

पहिली गोष्ट, लागल्या लागल्या पूर्ण पगार नसतो. ट्रेनिंगचे महिने असतात, तेव्हा विद्यावेतन मिळतं. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांचे नवे पगार जाहीर केले, तेव्हा ट्रेनी वैमानिकाला महिन्याला ५०,००० आणि सर्वांत वरिष्ठ कमांडरला साडेआठ लाख, असे आकडे आले होते. आपण सगळ्यांनी त्यातला साडेआठ लाखच वाचला!

दुसरी गोष्ट, पायलटचा पगार दोन तुकड्यांत असतो. एक ठरलेला, दुसरा उड्डाणाच्या तासांवर. विमानाची चाकं हलली की तास सुरू, पुन्हा थांबली की बंद. दिल्लीच्या धुक्यात विमानतळावर पाच तास नुसतं बसून राहिलं, तर ते पाच तास उड्डाणाचे नाहीत. कंपन्या काही तासांची हमी देतात. ती किती तासांची, हे कंपनीगणिक बदलतं.

मग भाचीने वहीत असं लिहिलं. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण साचा हाच.

ठरलेला पगार: १,१०,०००
उड्डाणभत्ता, ७० तास, तासाला १,००० धरून: ७०,०००
एकूण: १,८०,०००

वजा, आयकर (नव्या पद्धतीने, २०२५-२६ च्या दरांनी): सुमारे १९,१७५
वजा, भविष्य निर्वाह निधी, कमीत कमी: १,८००
वजा, व्यवसाय कर: २००
हातात: सुमारे १,५८,८००

"एक लाख अठ्ठावन हजार!" मैत्रिणीचा चेहरा उजळला. "वाईट नाही की!"

"थांबा काकू." भाचीने खाली आणखी एक ओळ लिहिली.

६० लाखांचं कर्ज, ११ टक्के, १० वर्षं. हप्ता: सुमारे ८२,६५०.

उरले ७६,०००. नोकरी मुंबई, दिल्ली, बंगलोरला. दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं, विजेचं बिल धरून ३०,०००. जेवणखाण, फोन, घरी येण्या-जाण्याचा खर्च १५,०००. उरले ३१,०००. त्यातून आईवडिलांना काय पाठवायचं, विमा काय काढायचा आणि साठवायचं काय?

"आणि हा चांगल्या महिन्याचा हिशोब," ती म्हणाली. "ज्या महिन्यात उड्डाणं कमी, त्या महिन्यात चाळीसच तासांचे पैसे आले तर सरळ तीस हजार कमी. हप्ता काही तीस हजारांनी कमी होत नाही."

एक बारीक गोष्ट तिने कोपऱ्यात लिहिली, ती मलाही माहीत नव्हती. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात जी सूट मिळते ती जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत ती नाही. म्हणून दोन्ही पद्धतींनी हिशोब मांडून, जी स्वस्त पडेल ती निवडायची. वरच्या स्लिपमधला कर त्यामुळे थोडा कमी-जास्त होऊ शकतो. हप्ता तोच राहतो.

ट्रेनिंगच्या महिन्यांचा हिशोब तिने मांडलाच नाही. ५०,००० येणार आणि ८२,६५० जाणार, त्याला वही कशाला लागते?

मग मोठा पगार येतो कधी?

येतो, नक्की येतो. कॅप्टन व्हायला वरचं लायसन्स लागतं, त्यासाठी किमान १,५०० तासांचं उड्डाण हवं. नियमाने वैमानिक वर्षाला १,००० तासांहून जास्त उडू शकत नाही. पण तास झाले म्हणजे कॅप्टन झाली असं नसतं. कंपनीचे निकष, जागा, परीक्षा यांत पाच-सहा वर्षं सहज जातात. त्यानंतर मात्र चित्र बदलतं. मे २०२३ मध्ये स्पाइसजेटने कॅप्टनचा पगार ७५ तासांना साडेसात लाख जाहीर केला होता. लोक ज्या पगाराच्या गोष्टी सांगतात तो हा. चार पट्ट्यांचा पगार आपण दोन-तीन पट्ट्यांच्या मुलीच्या नावावर लिहितो, इतकीच चूक.

ही चूक लग्नाच्या बाजारातही होते बरं! भाचीला एक स्थळ आलं होतं. मुलाची आई अगदी गोड आवाजात म्हणाली, "मुलाने फ्लॅट बुक केलाय. हप्ता जरा मोठा आहे, पण तुमच्या मुलीचा पगार पाच लाख, तिला काय जड?" भाचीने तिथेच सांगितलं, "काकू, माझा एक हप्ता आधीच सुरू आहे. माझ्या आईवडिलांच्या घराचा." ते स्थळ पुन्हा आलं नाही. ताईला वाईट वाटलं. मला, खरं सांगते, अभिमान वाटला.

आणि एक चांगली गोष्टही सांगायला हवी. या क्षेत्रात पगार हुद्द्यावर आणि तासांवर ठरतो. बाई म्हणून कमी, पुरुष म्हणून जास्त, असं नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिल्चर विमान नेलं, तेव्हा दोन्ही वैमानिक बायका ही केवढी मोठी बातमी होती! आज जगात महिला वैमानिक सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आहेत आणि आपल्या देशात पंधरा टक्क्यांच्या आसपास. आपल्या मुली यात जगाच्या पुढे आहेत. म्हणून तर हिशोब नीट समजायला हवा.

स्लिपवर न दिसणारी वजाबाकी

रात्रीची विमानं नागपूरला नवी नाहीत. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांची टपालविमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. माझे वडील ते कौतुकाने सांगायचे. त्या वैमानिकांच्या झोपेचं काय होत असेल, हा विचार मला भाची या नोकरीत गेल्यावर पहिल्यांदा आला.

ऑगस्ट २०२३ मध्ये याच विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन निघालेला एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. नियमाप्रमाणे त्याला विश्रांती मिळालेली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्याच्या जाण्याचा संबंध दमण्याशी जोडायचा अधिकार मला नाही. पण त्या दिवशी ताईने मला चार वेळा फोन केला, एवढं मात्र खरं.

कमी पगार आणि दमणं यांचं नातं अमेरिकेत फार वाईट रीतीने दिसलं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान कोसळून ५० जीव गेले. मुख्य कारण वैमानिकाची चूक होती. पण चौकशीत पुढे आलं की सहवैमानिक मुलगी सिएटलला आईवडिलांच्या घरी राहत होती आणि ड्युटीसाठी रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. नव्या वैमानिकांचा तुटपुंजा पगार त्या चौकशीत चर्चेला आला.

आपल्याकडे जुलै २०२५ पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, डीजीसीएला काही नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली. आपण प्रवासी चिडलो. चिडणं साहजिक होतं. पण तो नियम कुणाच्या तरी लेकीच्या झोपेसाठी आणि आपल्या जिवासाठी होता, हेही लक्षात असू द्या.

शिवाय दर वर्षी मेडिकल. त्यात अडकलं की विमान बंद. बाळंतपणात तर बंद असतंच. उड्डाण नाही तेव्हा उड्डाणभत्त्याचं काय, हे नेमणूकपत्र घेतानाच विचारून घ्यायचं, लाजायचं नाही.

बाग विकायची का?

संध्याकाळ झाली होती. मैत्रिणीने सातबारा पुन्हा पिशवीत गुंडाळला. "म्हणजे पाठवू नको पोट्टीले?"

"असं कुठं म्हटलं?" भाची हसली. "मी परत जन्माला आले तरी हेच करीन. पण क्रम बदलेन."

तो क्रम तिने शेवटच्या पानावर लिहून दिला. पहिलं, मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्यात अडचण निघाली तर साठ लाख गेल्यावर कळण्यापेक्षा काही हजारांत कळलेलं बरं. दुसरं, डीजीसीएचे पेपर. ते घरी राहून, क्लास लावून देता येतात. मुलीचा हट्ट किती खरा आहे, ते पेपरांतच कळतं. तिसरं, बँकेत जाऊन विचारायचं: शिक्षण संपल्यावर हप्ता किती महिन्यांनी सुरू होणार? चौथं, कर्जाचा विमा. पाचवं, लायसन्सनंतर दोन वर्षं नोकरी नाही असं धरून व्याजाची सोय आधीच करून ठेवायची. आणि जमीन सगळ्यात शेवटी. तारण ठेवलेली बाग परत सोडवता येते, विकलेली येत नाही.

मैत्रीण ते पान घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाली, "पाच लाखाची गोष्ट सांगणारे लय भेटले. हे कोणी नाही सांगितलं."

रात्री भाचीची बॅग भरताना मी तिला विचारलं, "तुझा हप्ता कधी संपतो गं?"

"अजून सात वर्षं, मावशी. कॅप्टन झाले तर लवकर." बॅगेची चेन लावत ती म्हणाली, "आधी घराचे कागद बँकेतून सोडवायचे. मग आईच्या बांगड्या."

परवा काटोलहून फोन आला. मुलीचं मेडिकल झालं, पास आहे. हवामानशास्त्राचं पुस्तक आणलंय आणि ढगांची इंग्रजी नावं पाठ करत अंगणात फिरत असते म्हणे.

मी विचारलं, "आणि बाग?"

"हाय न जागेवर," मैत्रीण म्हणाली. "अंबिया बहार धरला हाय यंदा."